कोमट

अकरा वर्षं काहील पालथी होती
आंब्याखाली, गोठ्याच्या अंगाला.
तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या
आणि मी वाकून काढायची.
वाकता यायचं, तेव्हाची गोष्ट.

आता सकाळी पहिली उठते ती कळ,
मग मी,
मग तासाभरानं माझे गुडघे.
कपाला कान असूनही
चहा दोन्ही हातांनी धरते.

कराडच्या दवाखान्यात मुजावरांची तस्लीम म्हणाली,
मावशी, ऊन पाण्याचा हौद आहे आमच्याकडं.
छातीइतक्या पाण्यात चालायचं, वजन पाणी घेतं.
दुखणं जात नाही, पण सैल होतं.
आठवड्यातनं तीनदा या.
तीनदा!
एसटीची पहिली पायरीच माझ्या छातीला लागते
आणि मागनं कुणीतरी म्हणतं, आजी, आटपा.

हे काही बोलले नाहीत.
पहिल्यापासनं कमीच. बोलले तर उकळायचे.
दुसऱ्या दिवशी बघते
तर दोन पोरं लावून काहील उताणी केलेली,
हे आत बसून विटेच्या तुकड्यानं घासतायत,
गंजाचं लाल पाणी कोपरापर्यंत.
चुलवाणावर चढवली. मोटर लावली.
चिपाडं कुठली, ऊस सगळा कारखान्याला;
नारळाच्या झावळ्या घातल्या, तुरकाट्या घातल्या.

गाव ह्यांना हिंदूनाना गुळव्या म्हणतं.
पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा,
दोन बोटांत धरायचा, आणि सांगायचं:
अजून थोडा जाळ. बास. उतरा.
चाळीस हंगामांत एक ढेप बिघडली नाही.
ते आता पाण्यात बोट बुडवून उभे,
कपाळाला आठ्या.
"कळंना गं."
मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.
"ऊन हाय का गार, कळंना. बोटं मेली माझी."

भाजून भाजून शेंड्यांवर
कातडं राहिलं नाही, खूर आलेत.
त्यांना उकळी कळते.
कोमट कधी हाताला लागलंच नव्हतं,
ना गुऱ्हाळात, ना घरात.

तस्लीमनं दिलेली काचेची कांडी होती,
चौतीसवर लाल खूण केलेली.
ती वाचायला चष्मा हवा, आणि चष्मा सापडेना.
मग ह्यांनी बाही वर केली
आणि कोपर घातला पाण्यात,
जसा मी घालायची वैजूच्या घंगाळात.
तेव्हा हे घरात कधी नसायचे, हंगाम असायचा.
मग बघितलं कधी?

जाळ ओढला. निखारे विझवले.
तळाला पोती, पोत्यांवर पाट,
आणि जुन्या लुगड्यात मला
दंडाला धरून हळूच आत बसवलं.

वास आला.
लोखंडानं कुठल्यातरी सांध्यात
धरून ठेवला होता इतकी वर्षं,
पाकाचा, भेंडीच्या पाण्याचा, करपल्या मळीचा.
कुडावरनं सुगंधा ओरडली,
"नाना, ढेप किती किलोची पडंल?"
मी हसले, पाणी हललं,
आणि त्या हसण्याच्या नादात पाय सरळ झाला.
पोटरी पोत्याला टेकली.
कधी टेकली, मलाच कळलं नाही.

हे मोजत होते.
मापाची सवय. एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं.
लाभ. दोन. तीन.
घोटा फिरव. लाभ. दोन.
मूठ मीट, मूठ उघड.
पाण्याखाली माझी बोटं
जरा सरळ दिसत होती.
पाण्याचा खोटेपणा असेल. असू दे.
दहाला थांबायचं सांगितलेलं,
हे बारापर्यंत जातात.
वर दोन, म्हणे, गिऱ्हाइकाला.

बाहेर आले तसं सगळं ओझं परत माझंच.
पोरगी खोटं बोलली नव्हती. जात नाही.
सैल होतं, दुपारपर्यंत.
आज कप कानाला धरला.
तीन घोट. मग पुन्हा दोन्ही हात.

पाणी अजून निवलेलं नाही.
पडवीतनं बघते,
हे काहिलीच्या काठावर बसलेत,
दोन्ही हात मनगटापर्यंत आत.
मूठ मिटतात, उघडतात.
मोजत नाहीत.